कवडसा डोळ्यांना दिसतो, मग फोटोत कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीहून रोज मस्जिद बंदरला नोकरीला येणारा एक तरुण सकाळी स्टेशनबाहेर पडतो. गल्लीत तिरपं ऊन असतं, हातगाड्यांच्या मागे धूळ उठलेली असते, एखादा कवडसा तर हाताने धरावा इतका ठळक. तो फोटो काढतो आणि घरी जाऊन बघतो तर सगळं पांढुरकं आणि सपाट, काचेवर वाफ धरल्यासारखं. सेकंडहँड डीएसएलआर आहे, १८-५५ मिमीची, कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स आहे, थोडे पैसे जमलेत. कोणती लेन्स घेऊ, असं त्याने विचारलंय.

घेऊ नका. निदान या दुखण्यावर तरी ते औषध नाही.

मी लग्नाचे फोटो काढून घर चालवते आणि सुटीच्या दिवशी रस्त्यावर भटकते. याला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली तीन-चार वर्षं माझेही फोटो असेच वाफाळलेले यायचे, आणि मीही त्यावर लेन्स बदलत बसले होते, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

तुम्ही विचारलंय लेन्सबद्दल, पण अडलंय ते उभं राहण्याच्या जागेवर. तुम्ही स्टेशनातून पश्चिमेला, मोहम्मद अली रोडच्या बाजूला बाहेर पडत असणार. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, बंदराच्या अंगाला. संध्याकाळी घरी निघालात की तोंड पूर्वेला, सूर्य पश्चिमेला, पुन्हा पाठीशीच. जाता-येता दोन्ही वेळा तुम्ही धुळीची चुकीची बाजू बघताय. ‘सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा’ हे आपल्याला कुणी ना कुणी लहानपणीच शिकवलेलं असतं. चेहऱ्यांसाठी ते ठीक आहे, धुळीसाठी अगदी उलटं.

कारण असं की, धुळीचा कण उजेड सगळीकडे सारखा उडवत नाही. हवेचे रेणू फार बारीक असतात, ते प्रकाश मागे-पुढे जवळपास सारखाच विखुरतात. धूळ, धूर, पीठ यांचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून बरेच मोठे. त्यांच्यावर पडलेलं बहुतेक ऊन ते पुढच्या दिशेलाच फेकतात, म्हणजे सूर्याकडून निघून त्याच रेषेत पुढे. तुम्ही त्या रेषेच्या टोकाला, सूर्याकडे तोंड करून उभे असाल तर कण पेटल्यासारखे दिसतात. पाठ फिरवलीत की तेच कण तिथेच असून जवळजवळ गायब. विश्वास बसत नसेल तर घरी गाद्या झटकताना खिडकीच्या दोन्ही बाजूंनी बघा. जाळीतून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या या कणाला आपल्या जुन्या मोजमापात ‘त्रसरेणू’ असं स्वतंत्र नाव होतं. तेव्हाही तो जाळीतूनच दिसायचा, उघड्या अंगणात नाही. आणि माझ्या मते खरी मेख त्या जाळीत आहे.

जाळीच्या आजूबाजूला अंधार असतो. सूर्याकडे तोंड केलं आणि धुळीच्या मागे उजळ आकाश किंवा चुन्याची भिंत आली, तर पेटलेले कण त्या उजेडात विरघळतात आणि तुमचा तो वाफाळलेला फोटो तयार होतो. धुळीच्या मागे काळोख हवा. कवडशाचा फोटो काढायला निघालेला माणूस सगळा वेळ ऊन शोधत फिरतो. मी सावली शोधते. गडद सावलीचा एखादा मोठा तुकडा सापडला की मग त्याच्या पुढून ऊन कधी जातं ते बघते.

हे मला पुस्तकात नाही, लालबागच्या मसाला गल्लीत कळलं. मार्च ते मे तिथे वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रीघ असते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांच्या पिशव्या घेऊन नंबर लावायचा, मिरच्या भाजायच्या, मग कांडप मशीनवर कुटून घ्यायच्या. लोखंडी मुसळं धडाधड वरखाली होतात आणि प्रत्येक ठोक्याला तांबडी धूळ फुर्रकन वर येते. मी दोन मोसम तिथे जाऊन हात हलवत परतले. पहिल्या वर्षी रस्त्यावर उभी राहून आत बघत होते. मागे काळोख होता, पण ऊन माझ्या पाठीकडून येत होतं, त्यामुळे धूळ मेलेली. दुसऱ्या वर्षी मालकाच्या परवानगीने आत गेले आणि बाहेर बघत काढले. आता ऊन समोरून होतं, पण मागे दुपारचा लख्ख रस्ता, त्यामुळे धूळ पुन्हा गायब. वर खोकून खोकून जीव नकोसा. नंबर लावून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “पोरी, फोटो नंतर काढ, आधी नाकाला पदर लाव.” मी जीन्समध्ये होते, त्यांनी स्वतःच्या पिशवीतला रुमाल दिला. तो द्यायचा राहून गेला, अजून माझ्याकडे आहे.

तिसऱ्या वर्षी आत गेले आणि दरवाज्याकडे सरळ न बघता दोन पावलं डावीकडे सरकून कोपऱ्यात टेकले. एवढंच. ऊन अजून समोरच्याच बाजूला, पण आता चौकटीच्या थोडं बाहेर. आणि मुसळांच्या मागे दरवाजा न येता आतली बाजूची भिंत आली, काजळीने काळी झालेली, तिला टेकून रचलेल्या गोणी. त्या काळ्यावर तांबडी धूळ अशी उठली की मी पहिली दोन मिनिटं बटण दाबायचंच विसरले. कॅमेरा तोच, लेन्स तीच. फरक पडला तो दोन पावलांचा.

तेव्हा सूर्याकडे तोंड म्हणजे सूर्य नाकासमोरच हवा असं नाही. तो चौकटीच्या जरा बाहेर, वर किंवा बाजूला राहिला तरी कण छान चमकतात, शिवाय लेन्सवर थेट ऊन पडत नाही. फार बाजूला गेलात, अगदी काटकोनात, तर चमक बरीच उतरते. मधला पट्टा कुठे आहे ते गल्लीगणिक बदलतं, ते पायांनीच शोधायचं. सूर्य चौकटीत येणारच असेल तर त्याला कशाच्या तरी मागे लपवा: विजेचा खांब, दुकानाची पाटी, माथाडीच्या डोक्यावरचा बोजा. बोजाआड सूर्य गेला की त्या माणसाभोवती धुळीची कड पेटते. हा क्षण जेमतेम एका पावलाएवढा टिकतो, म्हणून आधीच चौकट लावून माणसाची वाट बघायची, माणसामागे धावायचं नाही.

आता वेळ. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हणावंच लागतं, पण कशा-कशावर ते तरी सांगते. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य ४७-४८ अंशांच्या वर जात नाही आणि तो दक्षिणेला असतो. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा जातो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही.

याचा आपल्या गल्ल्यांशी संबंध काय? चार मजली जुनी इमारत धरा, पंधरा मीटर. गल्ली सहा मीटरची. गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर डिसेंबरात दुपारी दक्षिणेकडच्या इमारतीची सावली तेरा-चौदा मीटर पडते, म्हणजे जमिनीपर्यंत ऊन पोचतच नाही. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, त्यामुळे सकाळचं ऊन लांबीच्या दिशेने, गल्ली नळीसारखी भरून मिळतं ते गल्ली जरा आग्नेयेकडे कललेली असेल तरच; संध्याकाळी ती नैर्ऋत्येकडे कललेली हवी. दक्षिण-उत्तर गल्लीत मात्र हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा दक्षिणेकडे तोंड केलंत तर समोरून तिरपं ऊन मिळतं. ‘दुपारचं ऊन वाईट’ हे थंड देशांत उन्हाळ्यापुरतं बरोबर असेल, आपल्याकडे जानेवारीतल्या बाराच्या उन्हात मी भुलेश्वरात चांगले फोटो काढलेत. मे महिन्यात गल्ली कोणत्याही दिशेची असो, ऊन वरून सरळ खाली येतं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, पण ताडपत्रीला भोकं असलेल्या बाजारात तेव्हाच उभे खांबासारखे कवडसे उतरतात. ते बाकी वर्षभर मिळत नाहीत.

तुमच्या कामाचं म्हणजे मस्जिद बंदरच्या पूर्व-पश्चिम गल्ल्यांपैकी आग्नेयेकडे कललेल्या, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला, आणि तो तासाला बारा-तेरा अंश चढतो. साडेआठच्या सुमारास सावल्या उंचीच्या तिपटीहून लांब असतात. त्या वेळात मोहम्मद अली रोडच्या टोकाला जा आणि स्टेशनच्या दिशेने, म्हणजे रोजच्या उलट, चालत या. अर्धा तास लवकरची लोकल पकडावी लागेल. डोंबिवलीहून ती पकडणं म्हणजे काय हे मला माहीत आहे, माझं माहेर कल्याणचं.

धूळ येते कुठून यावरही थोडं लक्ष ठेवा. सगळी हवा सारखीच धुरकट असेल तर त्याला मी धूळ म्हणत नाही, ते धुरकं. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते, वरची उबदार, त्यामुळे सगळा धूर-धुरळा खाली कोंडून राहतो आणि समुद्रावरचा वारा सुटेपर्यंत हलत नाही. धुरकं हलकं असेल तर लांबच्या इमारती एकामागे एक फिकट होत जातात, छान दिसतं. दाट असेल तर सूर्यच केशरी टिकलीसारखा होतो, त्याच्यात कवडसे पाडायची ताकद उरत नाही. अशा दिवशी मी सरळ सावल्यांच्या आकृत्यांचे फोटो काढते किंवा चहा पिऊन घरी जाते.

कवडशाला हवी असते एका जागेची, एका क्षणाची धूळ. सकाळी खराट्याने रस्ता झाडला जातो ती. दुकानासमोर लोबान फिरवतात तो धूर. दादरच्या फुलबाजारात धूळ कमी, पण फुलांवर पाणी शिंपडतात ते तुषार समोरच्या उन्हात धुळीहून सुंदर दिसतात, आणि तिथे उड्डाणपुलाखालचा काळोख आयता मिळतो. ऊन स्टेशनच्या अंगाने येतं, तेव्हा तुम्ही सेनापती बापट मार्गाच्या कडेला पाठ करून उभे राहा. संध्याकाळी शिवाजी पार्क किंवा आझाद मैदान: गोलंदाज धावत आला की पायाखाली माती उडते, पण मागे आकाश येतं. जमिनीलगत न बसता उभं राहून काढा, म्हणजे मागे झाडांची काळी रांग येईल. लोक नेमकं उलट करतात.

आणि तुमच्याकडची गोणी. हातगाडीवरून गोणी खाली आपटते तेव्हा सगळे त्या आपटण्याच्या क्षणी बटण दाबतात. त्या क्षणी धूळ अजून गोणीखालीच असते. ती कडेने बाहेर पडते, वर येते आणि मग उन्हात शिरते. गोणी पडली की मनात ‘एक’ म्हणा आणि मग दाबा. तोवर माथाडीही वाकलेला सरळ झालेला असतो, घाम पुसत असतो, म्हणजे माणूसही मिळतो. धूळ दोन-तीन सेकंद टिकते, चार-पाच फोटो सहज होतात.

कॅमेऱ्याच्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. कॅमेरा आपोआप मोजमाप करतो तेव्हा काळोख बघून घाबरतो आणि सगळं उजळवतो, म्हणून काळं राखाडी होतं आणि ऊन पांढरं फटक. मॅन्युअलवर जा. थेट उन्हातल्या माणसासाठी आयएसओ २००, एफ ८, १/८०० पासून सुरुवात करा. सकाळचं कोवळं ऊन किंवा धुरकं असेल तर एक-दोन स्टॉप वाढवावं लागेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). चौकटीत उन्हात उभा माणूस किंवा पांढरा सदरा नसेल, नुसता कवडसाच असेल, तर अजून एक स्टॉप चालतो, कारण धूळ सदऱ्याइतकी उजळ कधीच नसते. सावल्या काळ्या जाऊ द्यात. काळ्या गेल्या म्हणून तर धूळ दिसते. मॅन्युअल जमत नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबापेक्षा फोटो गडद-उजळ करायची सोय, उणे दीडवर ठेवून निघा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, सूर्याच्या चिन्हावर ठेवा, नाहीतर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो. कण सुटे-सुटे हवे असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद. आणखी एक गोष्ट डोळा आणि फोटो यांच्यातली: डोळ्याला कण तरंगताना दिसतात, त्या हालचालीमुळे मन तिकडे ओढलं जातं. फोटोत हालचाल थांबते. म्हणून डोळ्यांना कवडसा हवा त्याच्या दुप्पट ठळक दिसत असेल तरच तो फोटोत हवा तसा उतरेल, असा हिशोब मी ठेवते.

मोबाइलवर काढत असाल तर एचडीआर बंद करा, तेच सगळ्या सावल्या उघडून नाट्य मारतं. सगळ्यात उजळ जागी बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि खाली ओढा. घरी संगणकावर डीहेजची पट्टी बघून हात शिवशिवतात, पण ती नावाप्रमाणे धुरकं काढते, आणि तुम्ही सकाळी उठून गेलात ते त्याचसाठी. मी फक्त कवडशापुरती ती उणे बाजूला किंचित सरकवते, उरलेल्या काळोखात थोडी अधिक. पूर्ण चौकटीवर कधीच नाही.

पोरांना टाल्कम पावडर उधळायला लावून किंवा धुराच्या नळकांड्या लावून काढलेले ‘स्ट्रीट’ फोटो मला आवडत नाहीत. स्टुडिओत काय हवं ते करा. रस्त्यावर ते बघून मला हॉटेलातली फोडणी घालून दिलेली शिळी भाजी आठवते.

जी धूळ आपल्याला सुंदर दिसते ती कुणाच्या तरी छातीत जात असते हेही विसरून चालत नाही. २०२३च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामाच्या धुळीवर नियमावली काढली, पत्रे उंच झाले, हिरवी कापडं आली, पाणी मारायला लागले. आमच्यातल्या एकाने फोटो कमी झाले म्हणून हळहळ व्यक्त केली. मला तर बरं वाटलं. रस्ता झाडणाऱ्या एका ताईंचा फोटो मी एकदा काढला, तोंडाला ओढणी, खराट्याभोवती सोन्यासारखी धूळ. त्यांना दाखवला. त्या खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तोंड बांधलंय ते बरं झालं. गावाला सांगितलंय ऑफिसात आहे म्हणून.” तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही. तेव्हापासून माणूस ओळखू येत असेल तर मी आधी दाखवते, मग ठरवते. गोदीच्या आवारात फोटोबंदीचे फलक असतात तिथे वाद घालू नका. स्टेशनात ट्रायपॉड काढलात की कुणीतरी येणारच.

राहता राहिली लेन्स. १८-५५ पुरे आहे. अरुंद गल्लीत २८-३५च्या आसपास ठेवा. धुळीचे थर एकमेकांवर दाट रचलेले हवे असतील तर ५५वर जाऊन लांबून काढा. जमलेल्या पैशातले थोडे हूड (लेन्सवर बाजूचं ऊन पडू न देणारी कड) आणि धूळ उडवायच्या ब्लोअरवर खर्च करा आणि पुढचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा. सूर्याकडे तोंड केल्यावर निम्मे हिरवे ठिपके त्याचेच असतात. आणि धुळीत लेन्स बदलू नका. मी एकदा विसर्जनाच्या मिरवणुकीत, लालबागच्या गुलालात, घाईत बदलली होती. सेन्सरवर गुलाबी कण बसले, सफाईला दिला, तिथून एक ओरखडा घेऊन परत आला. एफ १६ला अजून प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात तो दिसतो.

ब्लोअर घेताना रबरी, फुग्याचा घ्या. तोंडाने फुंकू नका, आणि पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. नाहीतर नोव्हेंबरात काढाल तेव्हा लेन्सच्या आत बुरशी दिसेल, आणि पुन्हा वाटेल की फोटो धुळीमुळेच पांढुरके येताहेत.